सांगलीतला खुल्या डेटाचा मेळावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरकारी आकडे लागतात, पण ते मिळवायचे कुठून, उघडायचे कसे आणि त्यांवर विसंबायचं किती, हे कुणी दाखवलेलं नाही, अशा सांगली-मिरज-कुपवाडकरांसाठी आणि आसपासच्या तालुक्यांतल्या सगळ्यांसाठी हा मेळावा आहे. शेतकरी, शिक्षक, पत्रकार, विद्यार्थी, ग्रामपंचायत सदस्य, कुणीही यावं. खालचे प्रश्न काही येण्याआधी पडतात, काही प्रत्यक्ष फाईल उघडल्यावर आणि काही घरी गेल्यावर.

खुला डेटा म्हणजे नेमकं काय? सरकारने वेबसाइटवर टाकलं की झालं ना?

नाही झालं. दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे रूप: माहिती अशा तक्त्यात हवी की तिला गाळणी लावता येईल, बेरीज करता येईल, दुसऱ्या तक्त्याशी जोडता येईल. दुसरी गोष्ट परवानगी: कुणीही, कुठल्याही कामासाठी, अगदी धंद्यासाठीही, ही माहिती वापरावी, बदलावी, पुढे द्यावी असं लेखी सांगितलेलं हवं. फार तर श्रेय देण्याची आणि त्यातून बनवलेलं त्याच अटीवर खुलं ठेवण्याची अट चालते.

आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी घ्या. पुराच्या दिवसांत ती सगळ्या सांगलीच्या मोबाईलवर फिरत असते. आकडा सार्वजनिक आहे, पण फोटो किंवा मेसेज म्हणून आलेला आकडा खुला डेटा नव्हे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तेव्हा दर तासाला किती इंचांनी चढत होतं हे काढायचं तर जुने मेसेज एकेक करून उकरावे लागतात. तेच आकडे तारीख, वेळ, पातळी अशा तीन रकान्यांत असते, तर पाच मिनिटांचं काम होतं.

याला कायद्याचा काही आधार आहे का?

आहे. केंद्र सरकारचं राष्ट्रीय डेटा देवाणघेवाण आणि उपलब्धता धोरण २०१२ मधलं. त्याच वर्षी सरकारी डेटाचं राष्ट्रीय पोर्टल सुरू झालं, आणि २०१७ मध्ये भारत सरकारचा खुल्या डेटासाठीचा परवाना जाहीर झाला. तो श्रेय देऊन वापरायची मोकळीक देतो. वैयक्तिक माहिती आणि सरकारी बोधचिन्हं मात्र त्यात येत नाहीत. शिवाय माहितीचा अधिकार कायदा, २००५ चं कलम ४ आहेच. कुणी अर्ज करेपर्यंत थांबू नका, कार्यालयांनी आपणहून माहिती प्रसिद्ध करावी, असं ते कलम सांगतं.

फी किती? नाव नोंदवावं लागतं का?

फी नाही. नाव नोंदवा, कारण टेबलं आणि लॅपटॉप मोजून मांडावे लागतात.

मला संगणक फारसा येत नाही. येऊ का?

जरूर या. एका लॅपटॉपवर तिघं बसतात. एक टाइप करतो, एक मूळ कागदावरचा आकडा मोठ्याने वाचतो, तिसरा पडद्यावर आलेलं तपासतो. दर अर्ध्या तासाने जागा बदलतात. या तिघांत सगळ्यात मोलाचं काम तपासणाऱ्याचं असतं. पाटबंधाऱ्याचं पाणी, बाजार समितीतले सौदे किंवा शाळेचं हजेरीपत्रक ज्याने जवळून पाहिलं आहे, त्याला चुकीचा आकडा लगेच खटकतो. नुसतं संगणक येणाऱ्याला तो खटकत नाही.

सोबत काय आणायचं?

लॅपटॉप असेल तर चार्जरसकट आणा आणि लिबरऑफिस (एक्सेलसारखे तक्ते उघडायचं सॉफ्टवेअर) घरूनच टाकून या. ते मोफत आहे. विंडोजसाठीची फाईल साडेतीनशे एमबीच्या आसपास भरते. हॉलमध्ये तीस जणांनी ती एकदम उतरवायला घेतली तर दहा जीबी लागतात, आणि दोन मोबाईलच्या हॉटस्पॉटवर अख्खी सकाळ त्यातच जाते. एक्सेल असेल तर तेही चालेल. सरावाच्या फाईली आम्ही पेनड्राइव्हवर देतो, त्यामुळे नेट गेलं तरी काम अडत नाही.

तुमच्या गावचा, शाळेचा किंवा सोसायटीचा एखादा छापील तक्ता असेल तर त्याची झेरॉक्स जरूर आणा. आपल्या गावचा तक्ता साफ करताना माणूस जितकं शिकतो, तितकं परक्या आकड्यांवर शिकत नाही.

सकाळभर नेमकं काय चालतं?

दहा ते दीड. पहिली वीस मिनिटं ओळख. मग दीड तास एकच छोटी फाईल, साधारण दोनशे ओळींची, सगळ्यांनी मिळून साफ करायची. चहा. नंतर प्रत्येक टेबल आपला विषय घेतं: पाणी, पाऊस, बाजारभाव, शाळा किंवा नकाशा. शेवटची वीस मिनिटं प्रत्येक टेबलाने आपल्या तक्त्यात काय चुकीचं सापडलं ते सांगायचं. आलेख झाला नाही तरी चालेल, पण चुकांची यादी झाली पाहिजे.

पहिल्या फाईलला कृष्णेची पातळीच का?

कारण ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ असतं. आकडा चुकला तर तो ऐकूनच कळतो. आणि या छोट्याशा तक्त्यात नवशिक्याला भेटणारा सगळ्यात फसवा खड्डा आहे.

नोंद 'फूट पॉइंट इंच' अशी लिहिली जाते. समजा सकाळी ८ वाजता पाणी ४५ फूट ९ इंच होतं, म्हणून लिहिलं ४५.९. नऊ वाजता ४५ फूट १० इंच झालं, म्हणून लिहिलं ४५.१०. स्प्रेडशीट ४५.१० मधलं शेवटचं शून्य काढून ४५.१ करते. आता आलेख काढला तर पाणी चढत असताना रेघ धाडकन खाली येते. शिवाय ४५.९ हेसुद्धा खरं नाही. ४५ फूट ९ इंच म्हणजे दशांशात ४५.७५ फूट, आणि ४५ फूट १० इंच म्हणजे ४५.८३.

उपाय साधा आहे. फुटांचा रकाना वेगळा, इंचांचा वेगळा, आणि तिसऱ्या रकान्यात सूत्र: फूट अधिक इंच भागिले १२. मूळ दोन रकाने कधीही पुसायचे नाहीत. आयती फाईल आली असेल आणि तिच्यात पॉइंटनंतर ११ च्या वरचा एकही आकडा नसेल, तर ते बहुधा इंच आहेत. पॉइंटनंतर ५० किंवा ७५ दिसले तर दशांश. तरी अंदाजावर भागवू नका, नोंद घेणाऱ्याला विचारा.

आणखी एक. काही ठिकाणी हीच पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये दिलेली असते. ४५ फूट म्हणजे १३.७२ मीटर, असा नुसता गुणाकार करून दोन तक्ते जुळत नाहीत. पुलाजवळच्या पट्टीचं शून्य समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे, हे कळल्याशिवाय ते जोडायचे नाहीत.

फाईल उघडली तर मराठीच्या जागी गिचमीड दिसते. काय करायचं?

बहुतेक वेळा फाईल धड असते, उघडायची पद्धत चुकलेली असते. सीएसव्ही फाईलवर (जिच्यात रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेले असतात, तिच्यावर) डबल क्लिक करू नका. एक्सेलमध्ये आधी कोरी वही उघडा, 'डेटा' मेनूत जाऊन 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या, आणि 'फाईल ओरिजिन'मध्ये ६५००१, म्हणजे युनिकोड यूटीएफ-८, निवडा. लिबरऑफिसमध्ये फाईल उघडताना खिडकी आपोआप येते. तिथे अक्षरसंच यूटीएफ-८ आणि विभाजक स्वल्पविराम ठेवा.

एवढं करूनही इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसत असेल, तर मजकूर कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात टाइप केलेला आहे. त्या फाईलमध्ये देवनागरी नसतेच, इंग्रजी अक्षरांवर देवनागरीचं चित्र चढवलेलं असतं. फॉन्ट कोणता होता ते शोधा, त्याच फॉन्टाचा युनिकोड परिवर्तक वापरा आणि निदान वीस ओळी डोळ्यांनी ताडून पाहा. जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी इथे हमखास मोडतात.

गट नंबर १२/१ टाकला की तारीख का होते?

एक्सेलला वाटतं तुम्ही १२ जानेवारी लिहिलं. मग घाबरून रकाना 'टेक्स्ट' केला की तिथे पाच आकडी संख्या उमटते, कारण एक्सेल आतून तारखेचे दिवस १९०० सालापासून मोजतं. एकदा असं झालं की मागे फिरता येत नाही: १२/१ लिहिलं होतं की १२/०१, हे त्या संख्येवरून कळत नाही. मूळ फाईल पुन्हा आणावी लागते. म्हणून आयात करतानाच, म्हणजे फाईल आत घेतानाच, त्या रकान्याचा प्रकार 'टेक्स्ट' करा. लिबरऑफिसच्या आयात खिडकीत खालच्या नमुन्यातल्या रकान्यावर टिचकी मारली की प्रकार निवडता येतो. शून्यापासून सुरू होणाऱ्या सांकेतांकांनाही हाच नियम, नाहीतर पुढची शून्यं उडतात.

मूळ फाईल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिला हात लावू नका. काम नेहमी प्रतीवर.

तारखा कशा लिहायच्या?

वर्ष, महिना, दिवस या क्रमाने: २०१९-०८-०५. ०५/०८/२०१९ ही आपल्यासाठी ५ ऑगस्ट, पण अमेरिकी पद्धतीवर ठेवलेल्या लॅपटॉपवर ती ८ मे होते. त्याच तक्त्यात १३/०८ आली की तो लॅपटॉप तिला तारीख मानतच नाही. त्यामुळे महिन्याच्या पहिल्या बारा तारखा उलट्या आणि पुढच्या मजकूर, असा विचित्र तक्ता तयार होतो. तारखांचा रकाना अर्धा डावीकडे आणि अर्धा उजवीकडे सरकलेला दिसला तर समजा, हेच झालं आहे.

आकडे इंग्रजी अंकांतच भरा. देवनागरी अंकांना स्प्रेडशीट बहुतेक वेळा मजकूर समजते आणि बेरीज शून्य येते. १,२५,००० असे स्वल्पविरामही घालू नका. सीएसव्हीमध्ये त्या एका आकड्याचे तीन रकाने होतात.

दोन तक्ते जोडताना गावं जुळतच नाहीत. असं का?

नावांवर जोडता म्हणून. सांगली जिल्ह्यात दहा तालुके आहेत, आणि कवठे महांकाळ कुठे सुटं लिहिलेलं, कुठे जोडून. तासगाव कुठे 'गा'वर अनुस्वार देऊन, कुठे न देता. खानापूर तालुक्याचं मुख्यालय विटा, म्हणून काही तक्त्यांत 'विटा तालुका' येतो. वाळव्याच्या जागी इस्लामपूर येतं. मिरज म्हणजे तालुका की शहर, हे तक्ता सांगतोच असं नाही. पलूस आणि कडेगाव हे नंतर झालेले तालुके, त्यामुळे जुन्या तक्त्यांत ते नाहीतच. तिथली गावं जुन्या तालुक्यांत मोजली आहेत, म्हणून जुना तासगाव आणि आताचा तासगाव यांची सरळ तुलना होत नाही.

शेजारच्या सातारा जिल्ह्यातलं कऱ्हाड तर आणखी अवघड. त्यातला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो: एक नुक्त्याच्या ऱ पासून, दुसरी साध्या र ला हलंत देऊन आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच. संगणकासाठी मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत, आणि तुम्ही कितीही डोळे ताणले तरी फरक दिसत नाही.

म्हणून नावाऐवजी सांकेतांकावर जोडा. जनगणना २०११ मध्ये प्रत्येक गावाला सहा आकडी सांकेतांक आहे. पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेचा स्वतःचा सांकेतांक आहे. तक्त्यात सांकेतांक नसेल तर आधी एक छोटा जोडतक्ता बनवा: पहिल्या रकान्यात सापडलेली प्रत्येक लेखनपद्धत, दुसऱ्यात सांकेतांक. हे काम कंटाळवाणं आहे खरं, पण एकदा केलं की पुढच्या प्रत्येक तक्त्याला उपयोगी पडतं. आमच्या मते गावचा सगळ्यात मोलाचा डेटा म्हणजे असा नीट केलेला जोडतक्ता.

माहिती पीडीएफमध्येच आहे. बाहेर कशी काढायची?

पीडीएफमधला मजकूर माऊसने निवडता येतो का ते आधी पाहा. येत असेल तर टॅब्युला नावाचं मोफत साधन तक्त्याभोवती चौकट आखून रकाने वेगळे करून देतं. निवडता येत नसेल तर तो स्कॅन केलेला फोटो आहे आणि टॅब्युला तिथे कामाचं नाही. टेसरॅक्ट हे फोटोतली अक्षरं ओळखणारं साधन मराठीही वाचतं, पण झेरॉक्सची झेरॉक्स असेल तर ३ आणि ८, किंवा १ आणि ७ यांची गल्लत होते. पन्नास ओळींपर्यंतचा तक्ता असेल तर सरळ हाताने टाइप करा. दोघांनी वेगवेगळा टाइप करायचा आणि मग दोन फाईली ताडायच्या. तक्त्याच्या तळाशी छापलेली बेरीज आयती तपासणी असते, ती फेकू नका, फक्त डेटाच्या ओळींत मिसळू देऊ नका.

पावसाचे आकडे पुराच्या आकड्यांशी का जुळत नाहीत?

दिवस वेगळा मोजला जातो म्हणून. हवामान खात्याचा 'आजचा पाऊस' म्हणजे काल सकाळी साडेआठपासून आज सकाळी साडेआठपर्यंतचा. चार तारखेच्या रात्रीचा पाऊस पाच तारखेच्या नावावर पडतो. हे लक्षात न घेता दोन रेघा एकावर एक ठेवल्या तर आधी पाणी चढलं आणि मग पाऊस पडला, असं चित्र दिसतं.

दुसरं, जिल्ह्याच्या सरासरीवर जाऊ नका. शिराळ्याच्या पश्चिमेला चांदोलीचं जंगल आणि पूर्वेला जत-आटपाडीचा माणदेशी टापू, या दोघांची सरासरी कुठल्याच गावात पडत नाही. महारेन संकेतस्थळावर महसूल मंडळाप्रमाणे रोजचा पाऊस मिळतो, तो वापरा. नुकसानभरपाईत २४ तासांत ६५ मिलिमीटरचा निकषही मंडळालाच लावला जातो. आणि रिकामी चौकट म्हणजे शून्य पाऊस नव्हे. पर्जन्यमापक बंद असेल तरी चौकट रिकामीच राहते. तिथे शून्य भरलं की सरासरी उगाच खाली येते.

टीएमसी आणि क्युसेक यांचा मेळ कसा घालायचा?

टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, साठ्याचं माप. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, वाहण्याचं माप. दिवसाला ८६,४०० सेकंद, म्हणून ११,५७४ क्युसेक दिवसभर वाहिलं की एक टीएमसी होतं. ५०,००० क्युसेकचा विसर्ग चोवीस तास चालू राहिला तर ४.३२ टीएमसी. कोयनेची एकूण क्षमता १०५.२५ टीएमसी आहे, तिच्याशी ताडून पाहिलं की बातमीतल्या विसर्गाचं वजन कळतं. काही तक्ते दशलक्ष घनमीटरमध्ये असतात. एक टीएमसी म्हणजे २८.३२ दशलक्ष घनमीटर. शिवाय एकूण साठा आणि उपयुक्त साठा हे दोन वेगळे रकाने आहेत. धरण किती टक्के भरलं, हे सांगताना भागाकार कशाने केला ते लिहा.

हळद आणि बेदाण्याचे भाव घेऊन काय करता येतं?

बरंच. कृषी पणन मंडळाच्या आणि ॲगमार्कनेटच्या संकेतस्थळांवर बाजार समितीनुसार आवक, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण दर मिळतात. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे महिन्याच्या दरांची साधी सरासरी. समजा सोमवारी २०० क्विंटल हळद १२,००० ने गेली आणि मंगळवारी २,००० क्विंटल १४,००० ने. साधी सरासरी १३,०००. पण शेतकऱ्यांच्या हातात पडलेले पैसे भागिले माल केला तर १३,८१८ येतात. म्हणून दराला आवकेने गुणा, बेरीज करा, मग एकूण आवकेने भागा. तरीही ही ढोबळच, कारण सर्वसाधारण दर म्हणजे त्या दिवशी जास्त चाललेला दर. तो सगळ्या सौद्यांची सरासरी नसतो.

एककही पाहा. हळद क्विंटलवर बोलतात, बेदाणा किलोवर. एका तक्त्यात १५० आणि १५,००० शेजारी दिसले तर ती तेजी नाही, एकक बदललं आहे. आणि जात मिसळू नका: राजापुरी हळद एका ओळीत आणि 'इतर' दुसऱ्या ओळीत असेल तर वेगळंच ठेवा.

विहिरींच्या पातळीचा आलेख उलटा का दिसतो?

कारण आकडा जमिनीपासून पाण्यापर्यंतच्या खोलीचा असतो. आकडा वाढला म्हणजे पाणी खाली गेलं. उभा अक्ष उलटा करा, म्हणजे चित्र डोळ्याला खरं दिसेल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. तुलना नेहमी मेशी मेची करा. मेची ऑक्टोबरशी केली तर पावसाळा मध्ये येतो.

हवा असलेला तक्ता कुठेच नसेल तर?

माहिती अधिकारात मागा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत हवा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, किंवा राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवर भरायचा. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. कारण सांगावं लागत नाही. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनी पाच दिवसांत पुढे पाठवायचा. नाही मिळालं तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प.

अर्जात रूप सांगायला विसरू नका. 'माहिती मिळावी' एवढंच लिहिलं की पानाला दोन रुपये दराने झेरॉक्सचा गठ्ठा येतो. त्याऐवजी असं लिहा: 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतच्या रोजच्या नोंदी, मूळ संगणकीय तक्त्याच्या स्वरूपात, ईमेलवर किंवा सीडीवर द्याव्यात.' इलेक्ट्रॉनिक रूपात माहिती मागण्याचा हक्क कायद्याच्या कलम २ मध्येच आहे. कार्यालयावर अवाजवी भार पडत नसेल, तर मागितलेल्या रूपात माहिती द्यावी असं कलम ७ म्हणतं. 'सर्व माहिती' असं कधी मागू नका. रजिस्टरचं नाव, नमुना क्रमांक, वर्ष, तालुका इतकं नेमकं लिहिलं की संबंधित लिपिकाला कपाट कुठलं ते कळतं. अर्ज करण्याआधी कार्यालयात जाऊन नुसतं विचारा, 'ही नोंद कोणत्या रजिस्टरला असते?' हे उत्तर बहुतेक वेळा आपुलकीने मिळतं आणि निम्मं काम तिथेच होतं.

नकाशाच्या टेबलावर काय शिकवता?

ओपनस्ट्रीटमॅप. २००४ पासून लोकांनी बनवलेला खुला नकाशा. अँड्रॉइडवरचं स्ट्रीटकम्प्लीट हे ॲप घेऊन तीन जण गल्लीत जातात आणि रस्त्याचा प्रकार, दुकानाची वेळ, दिव्याचा खांब अशा प्रश्नांची उत्तरं भरतात. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच टाका. दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून नाव किंवा रेघ उतरवायची नाही, परवाना मोडतो. मराठी नावासाठी स्वतंत्र टॅग आहे, तो आवर्जून भरा. पूररेषेचं काम करायचं असेल तर २०१९ ची पाण्याची खूण भिंतीवर कुठे आहे, ती जमिनीपासून किती उंच आहे, हे टेपने मोजून वेगळ्या तक्त्यात ठेवा. नकाशात घालू नका.

सातबारा ऑनलाइन दिसतो. मग तो खुला डेटा झाला ना?

नाही. दिसणं आणि वापरायची परवानगी असणं वेगळं. सातबाऱ्यावर खातेदाराचं नाव, क्षेत्र, बोजा असतो. त्याचे गठ्ठे गोळा करून तक्ता बनवायचा नाही. लाभार्थ्यांच्या याद्या, रुग्णांच्या नोंदी, विद्यार्थ्यांची नावं यांनाही हेच लागू. नावं काढली म्हणजे भागलं असंही नाही. लहान वाडीत 'एका अपंग विधवेला लाभ मिळाला' असं लिहिलं की सगळ्या वाडीला ती कोण ते कळतं. आमचा नियम असा: पाचपेक्षा कमी संख्या असलेली चौकट छापायची नाही, वरच्या पातळीवर एकत्र करायची. याबाबत आम्ही कुणाचंही ऐकत नाही.

आमच्या गावात असा मेळावा घ्यायचा आहे. काय लागेल?

चोवीस ते तीस माणसं, दहा लॅपटॉप, दहा टेबलं आणि फिरून मदत करणारे तिघं. एकटा शिकवणारा असेल तर बारा जणांवर जाऊ नका. एक्सटेंशन बोर्ड चार, वायरी चिकटपट्टीने जमिनीला दाबलेल्या. वीज जाईल असं धरूनच चाला: लॅपटॉप भरून आणायला सांगा आणि पहिली फाईल कागदावरही छापून ठेवा. सरावाच्या फाईलीत मुद्दाम सात-आठ चुका पेरा, आणि त्या कुठे आहेत याची यादी मदतनीसांच्या खिशात असू द्या. मार्चच्या सुरुवातीला जगभर खुल्या डेटाचा दिवस साजरा होतो, तेव्हा घेता आला तर छान. जुलै-ऑगस्टमध्ये नदीकाठच्या गावात मात्र ठरवू नका. त्या दिवसांत ज्यांना यायला हवं तेच बंदोबस्तात असतात.

सरकारी तक्त्यात चूक सापडली तर?

आधी खात्री करा की चूक तुमच्या आयातीत झालेली नाही. मग ओळ, रकाना, छापलेला आकडा, तुम्हाला योग्य वाटणारा आकडा आणि कारण, एवढं एका पानात लिहून त्या खात्याला पाठवा. आपल्या प्रतीत दुरुस्ती करायची असेल तर मूळ आकडा शेजारी ठेवा. आरोपाच्या सुरात लिहू नका. नोंद घेणाऱ्या माणसाने ती बहुतेक वेळा भर पावसात, टॉर्चच्या उजेडात घेतलेली असते.

घरी जाताना काय हातात पडतं?

साफ केलेली फाईल, मूळ फाईल आणि तिच्यासोबतची नोंदचिठ्ठी. तिसरी गोष्ट नसेल तर पहिल्या दोन्ही आम्ही पेनड्राइव्हवर देत नाही. चिठ्ठी साध्या मजकुराची, पंधरा ओळींच्या आतली. आकडे कुणी घेतले, कुठल्या जागी, कोणत्या वेळी, एकक काय, फाईल कुठून आणि कोणत्या तारखेला उतरवली, रिकामी चौकट म्हणजे काय, तुम्ही काय काय बदललं, परवाना कोणता. सहा महिन्यांनी तुमची तुम्हालाच फाईल उघडून 'हे ४५.१ म्हणजे एक इंच की दहा?' असा प्रश्न पडतो, तेव्हा उत्तर या चिठ्ठीत असतं.